शरयूनं सोडलेली मादी

शरयू रेगे वेंगुर्ल्याची. मुंबईत डॉक्टर झाली, भूल देण्याचं शास्त्र शिकली आणि सत्तरच्या दशकात नवऱ्याबरोबर ओहायोला आली. कोलंबसला लागून असलेल्या डब्लिनमध्ये त्यांचं घर, तिथून जवळच तिचं हॉस्पिटल. तिथेच तिची जवळजवळ सगळी नोकरी झाली. सर्जन कितीही मोठा असला तरी पेशंट शुद्धीवर येईपर्यंत खोली शरयूची, असं तिथल्या नर्सेस म्हणायच्या.

निवृत्त झाल्यावर प्रश्न आला, आता राहायचं कुठे. मुलगी ज्ञानदा ओरेगनमध्ये हिल्सबरोला, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. ती म्हणाली, इकडेच या. शरयूची एकच अट होती, तुझ्याजवळ राहू पण तुझ्या घरात नाही. मग हिल्सबरोपासून दीड तासावर, समुद्राच्या काठावर, एका लहानशा गावात त्यांनी घर घेतलं. मागे डोंगर, डोंगरातून उतरणारी नदी, नदीच्या तोंडाशी बंदर. घर बघायला आले तेव्हा शरयू धक्क्यावर उभी राहिली, मासळीचा वास तिनं नाक भरून घेतला आणि म्हणाली, "सुमंत, इथे माझं जमेल."

सुमंत तिचा नवरा. पुण्याचा, घरात अंडंसुद्धा वर्ज्य असलेला. लग्नानंतर तो आधी रस्सा खायला लागला, मग तुकडी, आणि आता माशाचं डोकं ताटात आलं नाही तर त्याला वाईट वाटायचं. इथला सॅमन त्याच्या लेखी रावसच. "आज रावस आहे का?" असंच तो विचारायचा. त्यातही गाबोळी, म्हणजे मादीच्या पोटातली अंडी, तिखट-मीठ लावून तुपावर परतलेली, मिळाली की त्याचा दिवस सत्कारणी लागायचा.

गळ टाकण्याचा नाद शरयूला वडिलांकडून आलेला. ते कोर्टात कारकून होते. रविवारी बंदरावर जाऊन बसायचे. घरात मुलगा नव्हता, म्हणून आमिषाची कोळंबी धरायला ही जायची. वडिलांचा शिरस्ता ठरलेला होता. घरात जितकी पानं, तितके मासे. चार झाले की ते गळ गुंडाळायचे, मग समुद्रात कितीही मासळी उड्या मारत असो. लहानपणी तिला याचा राग यायचा. पुढे मधली चाळीस वर्षं हॉस्पिटलात गेली, आणि गळ हातात आला तो थेट ओरेगनमध्ये, शेजारच्या डेलमुळे.

डेल तिच्याच वयाचा. याच गावात जन्मलेला, सगळा जन्म लाकडाच्या गिरणीत काम केलेला, बायको गेल्यावर एकटा राहणारा. त्याच्याकडे दोन्ही टोकं वर उचललेली एक वल्ह्यांची होडी होती, त्यानं स्वतः बांधलेली. कुंपणापाशी बोलता बोलता शरयूनं वेंगुर्ल्याचा धक्का सांगितला, आणि पुढच्या शनिवारी ती त्याच्या होडीत होती. तेव्हापासून दर पावसाळी हंगामात दोघं नदीवर जायचे. तो तिला डॉक म्हणायचा. त्याच्या इंग्रजीतला 'यू' तिच्या कानाला कधीच 'तुम्ही' असा वाटला नाही. तो 'तू'च होता.

जमत नव्हतं ते एकाच बाबतीत.

"लहान मासा ठेव, खा," डेल म्हणायचा. "पण मोठा मासा, त्यातही मोठी मादी, सोडायचीच. ती या नदीचं बियाणं आहे. आम्ही आयुष्यभर मोठे मोठे वेचून मारले. आता बघ काय उरलंय."

"मग गळच टाकू नकोस," शरयू म्हणायची. "तोंडात हुक अडकवायचा, दम निघेपर्यंत ओढायचं, फोटो काढायचा आणि वर उपकार केल्यासारखं जा म्हणायचं. खायचं असेल तर धरावं. खायचं नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. मी एखाद्याला नुसती भूल दिली आणि ऑपरेशन न करता घरी पाठवलं, तर त्याला काय म्हणशील?"

डेल हसायचा. मग ती विचारायची, "आणि तुझ्या गॅरेजमधला तो?"

गॅरेजच्या भिंतीवर डेलनं तिशीत पकडलेला एक किंग सॅमन पेंढा भरून लावलेला होता. सॅमनमधली सगळ्यात मोठी जात ती. "तेव्हा मला अक्कल नव्हती," डेल म्हणायचा. पण त्या माशावर कधी धूळ दिसली नाही.

हा वाद कुणी जिंकावा असं दोघांनाही वाटत नव्हतं. शरयू आपला एक मध्यम आकाराचा मासा घेऊन घरी यायची, डेल आपला सोडून यायचा. कधी दोघंही रिकाम्या हातानं यायचे. असे सात-आठ हंगाम गेले.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. रविवारी डब्लिनच्या दिवसांपासूनचे मित्र, राजीव आणि उत्तरा, जेवायला यायचे होते. तेही आता मुलाजवळ हिल्सबरोला राहायला आले होते. शुक्रवारी सकाळी शरयू बूट चढवत असताना सुमंत चहाचा कप घेऊन दारात येऊन उभा राहिला.

"मी राजीवला गाबोळी कबूल केलीय," तो म्हणाला.

"नदीला विचारलंस का?"

"तू विचार. तुझी ओळख आहे."

नदीवर धुकं होतं. आदल्या रात्री पाऊस झाल्यामुळे पाणी थोडं वाढलं होतं, रंगानं काचेच्या हिरव्या बाटलीसारखं. डेल वल्ही मारत होता, शरयू पुढच्या फळीवर रॉड धरून बसली होती. पाण्यावर नारिंगी रंगाचा तरंगता गोळा, त्याच्याखाली आमिष. त्या गोळ्याकडे बघत बसणं तिला आवडायचं. मॉनिटरकडे बघत बसायची सवय होतीच, आणि इथला गोळा बुडाला तर कुणाच्या जिवावर बेतत नसे.

तिसऱ्या वळणावर, एका पडलेल्या झाडाजवळ, गोळा बुडाला. झटका नाही, काही नाही. हळूच, कुणीतरी खिशात टाकावा तसा गेला. शरयूनं रॉड उचलली आणि तिला वाटलं, हुक झाडाच्या बुंध्यात अडकला. मग तो बुंधा चालायला लागला.

"डेल," ती म्हणाली.

"बघितलं," डेल म्हणाला आणि त्यानं होडी वळवली.

त्या माशानं त्यांना नदीच्या दोन वळणांवरून खाली नेलं. शरयूच्या अंगठ्यांत संधिवात होता. रील फिरवताना कळा खांद्यापर्यंत जात होत्या. एकदा तिला वाटलं, दोरा कापून टाकावा आणि घरी जावं. एकदा डेल म्हणाला, दे माझ्याकडे. ती नाही म्हणाली. मासा वर येत नव्हता, नुसता तळाशी जड होऊन बसायचा, मग पुन्हा निघायचा. शेवटी एका उथळ, गोट्यांच्या काठापाशी तो दमला. डेलनं होडी काठाला लावली, गुडघाभर पाण्यात उतरला आणि मोठी जाळी त्याच्या खाली सरकवली.

मग डेल सरळ उभा राहिला. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

शरयू होडीच्या कडेवरून वाकून बघत होती. जाळीत, पाण्यातच, एक मादी आडवी होती. पाठ हिरवट काळी, बाजूंना तांब्याची झाक, पोट भरलेलं आणि रुंद. एवढा मासा तिनं नदीत कधी पाहिला नव्हता. वेंगुर्ल्याच्या बाजारात मोठी मासळी यायची, पण ती बर्फावर. ही श्वास घेत होती. कल्ल्याचं झाकण उघडत होतं, मिटत होतं.

"पन्नासच्या वर आहे, डॉक," डेल हलक्या आवाजात म्हणाला. "पन्नास पौंडांच्या वर. पैज लाव."

"मादी आहे," शरयू म्हणाली.

"आहे." त्यानं जाळीची मूठ घट्ट धरली. मग म्हणाला, "ठेव."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हणालास?"

"ठेव म्हणतो. मुभा आहे. या नदीवर या हंगामात दिवसाला एक ठेवता येतो, हा तुझा आजचा पहिला. डॉक, मी इथे जन्मलो. सगळं आयुष्य या पाण्यात गळ टाकला. असा मासा माझ्या होडीत कधी आला नाही. बंदरावर नेऊ, वजन करू. सगळं गाव बघायला येईल."

म्हाताऱ्या डेलचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. इतकी वर्षं त्यानं दिलेली सगळी व्याख्यानं त्या चेहऱ्यावरून पुसली गेली होती. शरयूला त्याला हसावंसं वाटलं नाही. तिला त्याचं कळत होतं. तिच्याही तोंडाला पाणी सुटलं होतं, हे तिनं पुढे सगळ्यांना सांगितलं. पातेलंभर गाबोळी. सुमंत दारातच उभा असेल. राजीव पहिला घास घेऊन डोळे मिटून घेईल.

मग ती मोजायला लागली तसं ते चित्र विरलं. रविवारी चार माणसं, डेल आला तर पाच. पाच माणसांना लहान मासाही उरतो. फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात मागच्या वर्षीचे तुकडे अजून पडले होते. एवढी मादी घरी नेली तर ती खायला नसेल. आधी बंदरावर टांगली जाईल, मग फोटोत जाईल, मग पिशव्या भरभरून लोकांकडे जाईल, आणि कुणाच्या तरी फ्रीझरमध्ये बर्फ धरून बसेल.

"नको, डेल," ती म्हणाली. "ही आम्ही खाणार नाही. ही मिरवायची होईल."

"पण तूच म्हणायचीस, खायचा नसेल तर—"

"तेच म्हणतेय. मला आधी कळलं असतं ही एवढी आहे, तर मी गळ टाकलाच नसता. आता टाकलाय. काढ तो हुक."

डेलनं तिच्याकडे बघितलं, मग माशाकडे. तो मान हलवत हसला, पण त्याला वाईट वाटलं होतं हे दिसत होतं. पकडीनं त्यानं हुक सोडवला. जबड्याच्या कोपऱ्यात होता, पटकन निघाला. "एक फोटो," तो म्हणाला. शरयू म्हणाली, "पाण्याबाहेर नाही काढायची." त्यानं तसाच, पाण्यातला फोटो घेतला. मग जाळीची कड खाली दाबली.

मादी जाळीतून बाहेर सरकली. हातभर पुढे गेली. आणि कलंडली. पांढरं पोट वर आलं, शेपूट सैल झाली, आणि प्रवाह तिला एखाद्या फळकुटासारखं खाली न्यायला लागला.

शरयू होडीतून कशी उतरली ते तिला आठवत नाही. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट पहिल्याच पावलाला भरले. कमरेएवढ्या पाण्यात तिनं त्या माशाची शेपटी धरली, जिथे शेपूट निमुळती होते तिथे, आणि दुसरा हात पोटाखाली घातला. पाणी इतकं गार होतं की श्वास अडकला. तिनं माशाचं तोंड प्रवाहाकडे वळवलं आणि तशीच उभी राहिली.

डेल काठाकाठानं धावत आला. "सोड, डॉक, बाहेर ये. फार वेळ दमवलं तिला आपण."

ते खरंच होतं. दोन वळणं ओढलं होतं, आणि नंतर जाळीत ठेवून वाद घातला होता. शरयूच्या मनात तेच चाललं होतं. मारून खाल्ली असती तर एक गोष्ट होती. सोडून जगली असती तर एक गोष्ट होती. आता ना खाल्ली, ना जगली, असं झालं तर इतकी वर्षं आपण ज्याला नावं ठेवली, नेमकं तेच आपल्या हातून होणार.

"निदान आता तरी ठेव," डेल म्हणाला. "वाया नको जायला."

"श्वास आहे," शरयू म्हणाली.

कल्ला एकदा उघडला. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा.

तिला डब्लिनमधला एक माणूस आठवला. ती तिथे नवीन होती तेव्हाचा. धडधाकट, ट्रक चालवणारा, साधं हर्नियाचं ऑपरेशन. ऑपरेशन झालं, भूल उतरायची वेळ झाली, आणि तो काही श्वास घेईना. स्नायू सैल करायचं औषध काही थोड्या लोकांच्या अंगातून लवकर उतरत नाही, रक्तातला एक घटक त्यांच्यात कमी असतो. हे पुस्तकात वाचलेलं होतं, समोर पहिल्यांदाच येत होतं. त्याला उतारा असा काही नव्हता. श्वास देणारं मशीन होतं, पण शरयू त्याच्या उशाशी बसली आणि हवेची पिशवी हातानं दाबत राहिली. दाब, सोड. दाब, सोड. सर्जन घरी गेला. बाहेर त्याची बायको बसली होती. नर्स मधून मधून येऊन विचारायची, आणि शरयू म्हणायची, येईल. दिवस मावळला तेव्हा त्या माणसाची एक पापणी हलली. त्या दिवशी तिला कळलं की काही वेळा डॉक्टरनं करण्यासारखं काही नसतं. फक्त सोडून जायचं नसतं.

इथेही करण्यासारखं काही नव्हतं. श्वास पाणीच देत होतं. पाण्याच्या दिशेनं तोंड धरून ठेवणं एवढंच तिच्याकडे होतं.

डेलनं आणखी एकदा तिला हाक मारली, मग नाद सोडला. त्यानं खिशातून फोन काढला, सिग्नलसाठी हात वर केला, कुणाशी तरी काहीतरी बोलला, फोनकडे बघून शिवी घातली आणि तो खिशात टाकला. मग तोही पाण्यात उतरला. येऊन तिच्या मागे उभा राहिला आणि तिच्या रेनकोटची कॉलर मुठीत घट्ट धरली, पाय सरकला तर असावी म्हणून. शरयूनं मासा धरला होता, डेलनं शरयूला धरलं होतं, आणि नदी तिघांच्या अंगावरून जात होती.

पायांचं भान गेलं. बोटं आहेत की नाहीत कळेना. ती फक्त कल्ल्याकडे बघत होती. दोन श्वासांमधलं अंतर कमी होतंय असं तिला वाटलं, पण वाटण्यावर तिचा विश्वास नव्हता. मग शेपटी, जी इतका वेळ ओल्या कापडासारखी हातात होती, जराशी ताठ झाली. पाठीवरचा पर उभा राहिला. मादी स्वतःच्या स्वतः सरळ झाली.

"आत्ता सोडू नकोस," डेल कानाशी म्हणाला.

"माहितीये," शरयू म्हणाली.

तिनं मूठ सैल केली, पण काढली नाही. मादी तिथेच राहिली, तिच्या तळहातावर, स्वतःच्या जोरावर. आणखी थोडा वेळ. मग शेपटीनं एकच तडाखा दिला, शरयूच्या तोंडावर पाणी उडालं, आणि हात रिकामा झाला. हिरव्या पाण्यात एक काळी सावली प्रवाहाच्या उलट, खोल कुंडाकडे जाताना दोघांनी पाहिली.

"गेली," डेल म्हणाला.

शरयूचे दात वाजत होते. डेलनं तिला काठावर ओढलं. ती गोट्यांवर बसली. छातीवरून कुणीतरी वरवंटा उचलावा तसं झालं. डेल शेजारी बसून बूट उपडा करत होता. "डॉक," तो म्हणाला, "मी ठेव म्हणालो हे कुणाला सांगू नकोस." मग जरा थांबून, "सांग. सांगितलंस तरी चालेल."

डेलनं होडीत ठेवलेलं आपलं कोरडं जॅकेट तिला दिलं आणि होडी खाली सोडली. वाटेत दोघंही, एकमेकांना न सांगता, पाण्यात बघत होते. जिथे जिथे भोवरा होता, जिथे फांद्या अडकल्या होत्या, तिथे कुठे पांढरं पोट दिसतंय का. एका ठिकाणी काहीतरी पांढरं दिसलं आणि शरयू फळीवरून अर्धी उठली. ती प्लास्टिकची पिशवी निघाली. त्यापुढे काही दिसलं नाही. प्रत्येक वळण मागे पडलं तसं तिला हलकं वाटत गेलं. मग एक वेगळीच काळजी वर आली. सुमंतला काय सांगायचं. त्यानं दोन दिवस फोनवर गाबोळीची वर्णनं केली होती.

शेवटचं वळण घेतलं आणि होडी काढायचा उतार दिसला. उतारावर गावातल्या अग्निशामक दलाची लाल गाडी उभी होती. दोन माणसं दोरखंड उलगडत होती. आणि त्यांच्या पुढे, अगदी पाण्याला लागून, घरातल्या सपाता घालून सुमंत उभा होता.

होडी काठाला लागायच्या आतच तो पाण्यात शिरला. शरयूनं बोलायला सुरुवात केली, "सुमंत, ऐक, मी ती सोडली, कारण एक तर—"

"काय सोडलं?" सुमंत म्हणाला. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. त्यानं दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला, मग खांदे, मग हात, एखादी वस्तू पडल्यावर तडा गेलाय का बघावं तसं. "याचा फोन आला. म्हणाला, डॉक पाण्यात आहे. आणि फोन बंद. मी परत लावतोय, लागतच नाही."

शरयूनं डेलकडे बघितलं. डेलचा चेहरा पडला होता.

"मी सांगत होतो की कपडे घेऊन ये," तो म्हणाला. "ती पाण्यात उभी आहे, कोरडे कपडे घेऊन उतारावर ये. तेवढ्यात सिग्नल गेला."

"कपडे," सुमंत म्हणाला. त्यानं तो शब्द पुन्हा एकदा उच्चारला. मग लाल गाडीच्या पायरीवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला. दोरखंडवाल्या दोघांपैकी तरुण मुलगी जाड ब्लँकेट घेऊन आली आणि तिनं आधी ते शरयूला गुंडाळलं, मग सुमंतकडे बघून आणखी एक आणायला गेली. शरयूनं तिची माफी मागितली, उगाच धावपळ झाली म्हणून. "असंच उगाच झालेलं आम्हाला आवडतं," ती मुलगी म्हणाली.

गाडीत सुमंतनं हीटर पूर्ण सोडला. शरयूनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं, कारण मधून मधून तो तिचा गुडघा दाबून बघायचा. गावाच्या पाटीपाशी आल्यावर त्यानं विचारलं, "गाबोळी होती?"

"होती."

"किती?"

"पातेलंभर."

तो थोडा वेळ नुसता गाडी चालवत राहिला. "असू दे," तो म्हणाला. मग घराच्या वळणावर, "पातेलंभर?"

"गप्प बस, सुमंत."

ती अंघोळ करून, दोन स्वेटर घालून, आलं घातलेला चहा घेत बसली होती तेव्हा ज्ञानदाचा फोन आला. सुमंतनं घाबरून तिलाही कळवलं होतं. ती ऑफिसातून निघून गाडीत बसली होती, तेवढ्यात दुसरा फोन गेला की सगळं ठीक आहे.

"आई, यू आर सेव्हंटी-फोर," ज्ञानदा म्हणाली.

"मला माहितीये किती आहे ते."

"आणि तू एका फिशसाठी पाण्यात उतरलीस?"

"दहा मिनिटांसाठी."

"डेल काका अर्धा तास म्हणाले."

शरयूनं चहाचा घोट घेतला. सुमंतनं फोन घेतला. "आता रागावू नकोस तिच्यावर," तो म्हणाला. "मला रागवायचं होतं, पण जमलं नाही. तू रविवारी ये, मग दोघं मिळून बघू."

रविवारी ज्ञानदा आली, पण तोवर तिचाही राग ओसरला होता. राजीव आणि उत्तरा दुपारी पोचले. डेल धुतलेला शर्ट घालून आला, हातात विकतच्या ॲपल पायचा खोका. फ्रीझरच्या खालच्या कप्प्यातले सगळे तुकडे शरयूनं बाहेर काढले होते. कोकम, खोबरं आणि तिरफळं घालून आमटी केली होती, काही तुकडे रव्यात घोळवून तळले होते. गाबोळी नव्हती. सुमंतनं स्वतःच राजीवला सगळी हकिकत सांगितली, आणि त्याच्या सांगण्यात मासा साठ पौंडांचा झाला. डेलला मराठी कळत नव्हतं, पण सुमंतचे पसरलेले हात बघून त्याला आकडा कळला असावा. त्यानं शरयूकडे बघितलं, आणि दोघांनीही तो दुरुस्त केला नाही.

"पण मग खरं काय?" उत्तरानं इंग्रजीत विचारलं, डेललाही कळावं म्हणून. "मोठा मासा मिळाला तर ठेवायचा की सोडायचा?"

"मला विचारू नका," डेल म्हणाला. आमटीनं त्याच्या कपाळावर घाम आला होता, तरी तो खात होता. "इतकी वर्षं मी सोडा सोडा म्हणत होतो, आणि खरी समोर आली तेव्हा ठेव म्हणालो. सोडलं हिनं, जी कधी सोडत नाही."

सगळे शरयूकडे बघायला लागले.

"लहान असती तर आज आमटीत असती," शरयू म्हणाली. "आणि नदीत मेली असती तर मी पुन्हा गळ धरला नसता. पुढच्या वेळी काय करीन, मला माहीत नाही. एक नक्की, वाद घालायचा तर मासा जाळीत असताना नाही."

बाहेर पाऊस सुरू झाला होता. जेवणं होईपर्यंत त्यानं चांगलाच जोर धरला, पन्हाळीतून पाणी धो धो पडायला लागलं. डेलनं खिडकीतून नदीच्या बाजूला बघितलं आणि म्हणाला, या पाण्यानं सगळे मासे आज रात्रीच वर सरकतील, डोंगराखालच्या ओढ्यांत, अंडी घालायला.

"सगळे?" शरयूनं विचारलं.

"असं पाणी मिळालं की कुणी खाली थांबत नाही."

शरयूनं मान हलवली. मग तिच्या लक्षात आलं की सगळ्यांना वाढता वाढता आपण अजून नीट जेवलोच नाही. तिनं भात वाढून घेतला, त्यावर आमटी घेतली, आणि सावकाश जेवायला बसली.